किती फुटांना पाणी येते? सांगली-मिरजेत भाड्याने घर घेताना आणि सोडताना

सांगलीत भाड्याने घर शोधणाऱ्याने भाडे किती हे विचारण्याआधी ‘इथे किती फुटांना पाणी येते?’ हे विचारावे. बाहेरगावाहून बदलीवर आलेल्या किंवा शिक्षणासाठी आलेल्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटतो. इथल्या माणसाला त्याचा अर्थ लगेच कळतो. कृष्णेच्या पाण्याची उंची आयर्विन पुलाजवळ मोजली जाते, 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी मानली जाते, आणि आपल्या दारात पाणी कोणत्या आकड्याला येते हे नदीकाठच्या प्रत्येक घराला पाठ असते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात ही पातळी 57 फुटांच्या वर गेली होती.

त्या वर्षी मी हरिपूर रस्त्याजवळच्या एका तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. घर घेताना मालकांनी सांगितले होते की 2005 मध्ये पाणी पायरीपर्यंतच आले होते. मी शेजारी विचारले नाही आणि भिंतही नीट पाहिली नाही. पाणी ओसरल्यावर घरात गेलो तेव्हा चिखलाची रेघ माझ्या छातीइतक्या उंचीवर होती. त्याहून मोठी अडचण पंचनाम्याच्या वेळी आली. लाइट बिल मालकांच्या नावावर, घरपट्टी मालकांच्या नावावर, आमचा करार फक्त तोंडी, आणि या घरात आम्ही तीन वर्षे राहतो हे दाखवणारा एकही कागद माझ्यापाशी नव्हता. सांगली आणि मिरज मिळून मी आजवर चार भाड्याची घरे केली. त्यांतून जे शिकलो ते पुढे क्रमाने लिहीत आहे. भाडेकरूचे बहुतेक नुकसान घर सोडताना दिसते, पण त्याची सुरुवात घर घेण्याच्या दिवशी झालेली असते, हे मनात ठेवून हा लेख वाचावा.

भाग ठरवणे

सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता, हरिपूर रस्ता, मारुती चौक, टिळक चौक हे भाग नदीच्या जवळचे असून 2005, 2019 आणि 2021 या तीनही वर्षांच्या पुराची आठवण तिथे ताजी आहे. यांतील काही वस्त्यांना इशारा पातळीच्या आसपासच सामान हलवावे लागते, तर काही ठिकाणी धोका पातळी बरीच ओलांडल्याशिवाय पाणी येत नाही. म्हणून सरसकट ‘पूरपट्टा’ म्हणून एखादा भाग सोडून देण्याऐवजी त्या गल्लीचा आकडा विचारावा. शामरावनगरचा प्रश्न वेगळा आहे. तो भाग सखल असल्याने नदीला पूर नसतानाही जोराच्या पावसाचे पाणी प्लॉटमध्ये साचून राहते. विश्रामबाग, शंभर फुटी रस्त्याचा बराचसा पट्टा आणि मिरजेकडे जाणारा रस्ता त्या मानाने उंचावर आहे, आणि तिथे भाडे जास्त असण्याचे एक कारण हेच आहे.

जलसंपदा विभाग नदीच्या दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. महापालिकेच्या नगररचना विभागात आपल्याला हवा तो भाग या रेषांच्या आत आहे का, हे विचारता येते. तरीही माझा भरवसा गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारावर अधिक आहे. ‘काका, 19 ला तुमच्या दुकानात पाणी कुठपर्यंत होतं?’ असे विचारल्यावर तो हाताने भिंतीवरची जागा दाखवतो, आणि त्याला आपल्याला घर भाड्याने द्यायचे नसल्यामुळे तो खरे सांगतो.

पुराखेरीज रोजचे येणे-जाणे पाहावे. वालचंद किंवा विलिंग्डन महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी विश्रामबाग, तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा तिथल्या रुग्णालयांत काम करणाऱ्यांनी मिरज बघणे सोयीचे. कुपवाड एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्याने रात्री परतताना रस्त्यावर दिवे आहेत का, हे रात्रीच जाऊन बघावे. सांगली, मिरज आणि कुपवाड ही 1998 पासून एकच महापालिका असली तरी पाण्याची वेळ, कचरागाडी आणि रिक्षाची सोय प्रत्येक ठिकाणी निराळी आहे.

खर्चाचा हिशोब

महिन्याचे भाडे हा खर्चाचा एकच भाग झाला. घर घेताना अनामत रक्कम, पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे, एजंटामार्फत घर मिळाले तर त्याचे कमिशन, कराराची नोंदणी, सामान आणण्याचा टेम्पो आणि पंखे-गिझर बसवण्याचा खर्च असे सगळे एकाच आठवड्यात पडते. अपार्टमेंट असेल तर मेंटेनन्स भाड्यात धरला आहे की वेगळा, हे आधी विचारावे. एजंटाचे कमिशन किती आणि ते कधी द्यायचे, हे घरे बघायला निघण्यापूर्वी ठरवावे, कारण घर पसंत पडल्यावर त्याबद्दल घासाघीस करणे जड जाते.

घर शोधणे

मोबाइलवरच्या जाहिराती आता सांगलीतही भरपूर दिसतात, पण इथली बरीच चांगली घरे त्या जाहिरातींपर्यंत पोहोचतच नाहीत. फाटकाला अडकवलेली ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी, ओळखीच्या माणसाचा शब्द, महाविद्यालयाच्या फलकावरची चिठ्ठी, दवाखान्यातल्या सहकाऱ्याने सांगितलेले घर, अशाच वाटांनी ती जातात. ज्या भागात राहायचे ठरवले त्या भागातून दोन संध्याकाळी पायी फिरावे. इस्त्रीवाला, मेसवाल्या काकू आणि दूधवाला यांना कोणते घर रिकामे होणार आहे ते आधी कळते. जून-जुलैत शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशांमुळे मागणी वाढते, तेव्हा घाई टाळायची असेल तर एप्रिलपासूनच शोध सुरू करावा. मात्र ठरवण्याआधी पाऊस सुरू झाला तर ती चांगली गोष्ट समजावी. पावसात बघितलेले घर काही लपवू शकत नाही.

एक इशारा देणे गरजेचे आहे. फोनवरून स्वतःला सैन्यातील अधिकारी म्हणवून घेणारा, बदली झाल्याने घर दाखवायला येऊ शकत नाही असे सांगणारा आणि ‘आधी टोकन पाठवा, चावी कुरिअरने येईल’ म्हणणारा माणूस फसवणूक करत असतो. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगितले जाते तेव्हा प्रत्यक्षात आपल्या खात्यातून पैसे जातात. घर आतून पाहिल्याशिवाय आणि मालकाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.

घर पाहणे

घर दोनदा पाहावे, एकदा सकाळी पाणी येण्याच्या वेळी आणि एकदा रात्री. सकाळी गेल्यावर नळ सोडून बघावा, पाणी थेट टाकीत चढते की मोटार लावावी लागते, मोटार एकट्याची आहे की चार बिऱ्हाडांत मिळून, आणि तिचे लाइट बिल कोण भरते, हे विचारावे. बोअरचे पाणी असेल तर ते पिण्याजोगे आहे का, आणि उन्हाळ्यात आटते का, हे वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारावे. रात्री गेल्यावर शेजारचा आवाज, जिन्यातला दिवा, दुचाकी लावण्याची जागा आणि मोबाइलची रेंज समजते.

ओल शोधणे हे एक कसब आहे. घर दाखवण्यापूर्वी रंग दिलेला असेल तर नुसत्या नजरेला ओल दिसत नाही, म्हणून भिंतीच्या तळाशी, खिडकीच्या चौकटीखाली आणि बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर तळहात टेकवून बघावा. भिंतीवर कमरेच्या किंवा खांद्याच्या उंचीवर आडवी, सरळ, रंगाखालूनही जाणवणारी रेघ असेल तर ती पुराच्या पाण्याची असू शकते. जुन्या वाड्यातील घर असेल तर दाराच्या चौकटीवर आणि लाकडी माळ्यावर वाळवीची मातीची नळी आहे का, ते टॉर्च लावून पाहावे. संडासात बादलीभर पाणी टाकून ते किती वेळात जाते ते पाहावे आणि ड्रेनेजचा चेंबर कुठे आहे ते विचारावे, कारण सखल भागातील तळमजल्यावर पावसाळ्यात त्याच चेंबरमधून पाणी उलटे घरात येते. प्रत्येक खोलीतील सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघावा. खिडक्यांच्या कड्या लागतात का, दाराला आतून अडसर आहे का, हे बघायला अर्धा मिनिट लागतो.

विजेचा मीटर स्वतंत्र आहे की मालकाच्या मीटरवरून पुढे जोडलेला सबमीटर, हा प्रश्न लोक विसरतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढत जातात, 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300 युनिटपर्यंत त्याहून बराच जास्त, आणि पुढे आणखी जास्त. मालक आणि भाडेकरू एकाच मीटरवर असले की दोघांचे युनिट एकत्र मोजले जातात आणि ज्याचा वापर महिन्याला 80 युनिटच आहे त्यालाही वरच्या टप्प्याचा दर पडतो. सबमीटर असेल तर प्रतियुनिट किती घेणार, हे लेखी ठरवावे. शक्य असल्यास स्वतंत्र मीटरचेच घर घ्यावे.

मालक खरोखर मालक आहेत का

सांगली-मिरजेत भावाभावांची वाटणी न झालेली घरे बरीच आहेत. एक भाऊ घर भाड्याने देतो, अनामत घेतो, आणि सहा महिन्यांनी दुसरा भाऊ येऊन ‘माझ्या परवानगीशिवाय तुम्हाला इथे कुणी ठेवले?’ असे विचारतो. म्हणून चालू लाइट बिल, घरपट्टीची पावती आणि शक्य असल्यास सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक मागावे, आणि त्यावरचे नाव समोरच्या माणसाच्या आधार कार्डावरील नावाशी जुळवून बघावे. मालमत्ता अनेक जणांच्या नावे असेल तर सगळ्यांच्या सह्या किंवा एकाला दिलेले मुखत्यारपत्र हवे. मालक परदेशी किंवा पुण्या-मुंबईला असतील आणि घर नातेवाईक दाखवत असतील, तर त्या नातेवाइकाकडेही मुखत्यारपत्र असले पाहिजे. ही कागदपत्रे मागताना संकोच वाटतो, मलाही वाटला होता. ‘कराराच्या नोंदणीला लागतात’ एवढे सांगितले की बहुतेक मालक काही न बोलता काढून देतात, आणि ते खरेही आहे.

लाइट बिलावरचा ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या संकेतस्थळावर थकबाकी आहे का, ते पाहावे. आधीच्या भाडेकरूचे बिल आपल्याला भरावे लागू नये.

टोकन आणि अनामत

घर पसंत पडले की मालक टोकन मागतात. ते लहान असावे, बँकेतून किंवा यूपीआयने द्यावे, आणि त्याच वेळी व्हॉट्सॲपवर एक संदेश पाठवावा: ‘अमुक पत्त्यावरील घरासाठी आज टोकन दिले. भाडे इतके, अनामत इतकी, अमुक तारखेपासून राहायला येणार, करार न झाल्यास टोकन परत.’ मालकांनी ‘हो’ लिहिले की पुरे. अनामत रक्कम मात्र करारावर सह्या होतील त्याच दिवशी द्यावी, आधी देऊ नये. रोख द्यायचीच वेळ आली तर पावती घ्यावी आणि कराराच्या मसुद्यात रक्कम, तारीख आणि दिल्याची पद्धत घालावी.

करार

इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण सांगलीत अजूनही अनेक घरे नुसत्या शब्दावर किंवा नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवर दिली-घेतली जातात आणि दोन्ही बाजूंना त्यात काही चूक वाटत नाही.

‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा समज सर्वदूर आहे. त्याचे मूळ नोंदणी अधिनियम, 1908 मध्ये आहे. त्या कायद्याने एका वर्षापेक्षा अधिक मुदतीचे भाडेपट्टे नोंदवणे सक्तीचे केले आहे, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पद्धत पाडली. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चे कलम 55 लागू होते. त्यानुसार भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स करार, तो लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे, मग मुदत अकरा महिन्यांची असली तरीही. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. लेखी नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते, असेही त्याच कलमात आहे. मालक टाळाटाळ करत असतील तर नोंदणीत त्यांचेच संरक्षण आहे, हे शांतपणे सांगावे.

आजकाल होणारे बहुतेक करार लिव्ह अँड लायसन्स प्रकारचे असतात. त्यात भाडेकरूला ठरावीक मुदतीसाठी फक्त वापराची परवानगी मिळते, घरात कोणताही हक्क निर्माण होत नाही. मुदत संपूनही घर सोडले नाही, तर कलम 24 खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतात आणि भाडेकरूला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. त्यामुळे मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि पुढे राहायचे असेल तर त्याआधीच नवा करार करावा.

खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आहे. ते मुदतीतील एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेच्या वार्षिक 10 टक्के व्याजावर मोजतात. महिना 9,000 रुपये भाडे, 30,000 रुपये अनामत आणि 11 महिने मुदत धरली, तर भाडे 99,000 रुपये आणि अनामतीवरचे व्याज 2,750 रुपये, मिळून 1,01,750 रुपये होतात आणि त्यावर शुल्क सुमारे 254 रुपये येते. नोंदणी फी महापालिका क्षेत्रात 1,000 रुपये आणि ग्रामीण भागात 500 रुपये आहे. बुधगाव किंवा हरिपूरला घर घेणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन पद्धतीत दोघांचे आधार, अंगठ्याचा ठसा आणि छायाचित्र घेऊन घरबसल्या नोंदणी होते. हे काम करून देणारे लोक यंत्र घेऊन घरी येतात आणि त्यांची फी वेगळी असते. सरकारी शुल्क किती आणि त्यांची मजुरी किती, हे वेगवेगळे विचारावे. खर्च कुणी करायचा हे दोघांनी ठरवायचे असते. मी निम्मा-निम्मा करण्याचा आग्रह धरतो.

मसुदा छापील असला तरी त्यात बदल करता येतो. मी पुढील गोष्टी नेहमी स्पष्ट लिहून घेतो. घर सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, आणि ती दोन्ही बाजूंना सारखीच असावी. लॉक-इन काळ, म्हणजे ज्यात मध्येच घर सोडता येत नाही असा काळ, असेल तर किती महिने, आणि त्यात बदली झाली किंवा घरात पाणी आले तर काय. भाडेवाढ किती टक्के आणि कधी. अनामत चावी देताना त्याच दिवशी परत मिळेल, आणि कापायची असेल तर फक्त लेखी दाखवलेल्या नुकसानीपोटी. नेहमीच्या वापराने फिका झालेला रंग हे नुकसान धरले जाणार नाही. घराची मोठी दुरुस्ती, म्हणजे गळणारा स्लॅब, भिंतीतील पाइप, मुख्य वायरिंग, मालकाकडे, आणि नळाचा वायसर किंवा बल्ब यांसारखी किरकोळ कामे भाडेकरूकडे. मालकांनी घर पाहायला यायचे असेल तर आधी कळवावे. पाणी, वीज, जिना आणि पार्किंग हे मुदतीत अडवले जाणार नाही. यातील शेवटचे कलम मुद्दाम घालावे. भाडेकरूची अत्यावश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडायला भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 29 ने मनाई आहे, पण आपल्या करारातही ते शब्दांत असले की वाद सुरू होण्यापूर्वीच मिटतो.

सांगलीसाठी मी एक जास्तीचे कलम घालायला सांगतो: पुराचे पाणी आल्याने घर राहण्याजोगे राहिले नाही तर त्या काळाचे भाडे लागणार नाही, आणि भाडेकरूला लॉक-इन न मोजता करार संपवता येईल. माझ्या चौथ्या घराच्या मालकांनी हे कलम वाचून क्षणभर विचार केला आणि सही केली. ते स्वतः गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीत, वाढलेले होते.

पोलिसांना माहिती

भाडेकरूची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात देणे ही मालकाची जबाबदारी असते आणि त्याबाबत जिल्हा दंडाधिकारी वेळोवेळी आदेश काढतात. अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही भरता येतो. आपले छायाचित्र, ओळखपत्र आणि कराराची प्रत मालकांना द्यावी आणि भरलेल्या अर्जाची पोच मागून घ्यावी. आधारची प्रत देताना तिच्यावर ‘फक्त भाडेकरू नोंदणीसाठी’ असे आडवे लिहून सही करावी.

चावी हाती येते तो दिवस

सामानाचा टेम्पो दारात येण्यापूर्वी रिकाम्या घरात अर्धा तास थांबावे. मोबाइलवर सलग व्हिडिओ काढावा, प्रत्येक खोली, छत, भिंतींचे तळ, फरशीच्या तडा, बाथरूमच्या टाइल, ओट्याचा कडाप्पा, खिडकीच्या काचा, आणि शेवटी विजेच्या मीटरवरचे आकडे स्पष्ट दिसतील असे. हा व्हिडिओ त्याच दिवशी मालकांना पाठवावा, म्हणजे त्यावर तारीख राहते. पंखे, ट्यूब, गिझर, पडद्याचे रॉड, चाव्यांची संख्या यांची यादी कागदावर करून दोघांनी सही करावी. माझ्या दुसऱ्या घरात मी हे केले नाही. सोडताना मालकांनी तडकलेल्या वॉश बेसिनचे पैसे अनामतीतून कापले. ते बेसिन मी राहायला गेलो तेव्हाच तडकलेले होते, पण ते दाखवायला माझ्याकडे काही नव्हते.

शक्य असेल तर मुख्य दाराचे कुलूप बदलून घ्यावे किंवा आपले एक जादा लावावे.

राहत असताना

भाडे बँकेतून द्यावे आणि शेऱ्यात महिना लिहावा. रोख दिले तर पावती मागावी. मिळालेल्या रकमेची पावती देणे भाडे नियंत्रण अधिनियमाने मालकावर बंधनकारक केले आहे. नोकरदारांना जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घ्यायची असेल आणि वर्षाचे भाडे 1,00,000 रुपयांहून अधिक असेल, तर मालकांचा पॅन क्रमांक कार्यालयात द्यावा लागतो. 9,000 रुपये महिना म्हणजे वर्षाला 1,08,000, तेव्हा हा प्रश्न सांगलीतही येतोच. पॅन देण्यास मालक तयार आहेत का, हे करारापूर्वी विचारावे.

दुरुस्तीची तक्रार तोंडी केली तरी मागाहून फोटोसह संदेश पाठवावा. नोंदणीकृत कराराची प्रत आधारवरील पत्ता बदलताना चालते, गॅसच्या जोडणीला लागते, आणि आपत्तीनंतरच्या पंचनाम्यात आपण इथे राहत होतो हे दाखवते. तिचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक प्रत नातेवाइकाच्या घरी ठेवावी.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी जूनच्या सुरुवातीलाच फ्रिज आणि कपाट कुठे हलवायचे, वरच्या मजल्यावर सामान ठेवायला कोण जागा देईल, गॅस सिलिंडर कुठे बांधून ठेवायचा, हे ठरवून ठेवावे. कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि आयर्विन पुलाजवळची पातळी चढू लागली की आपल्या गल्लीच्या आकड्याची वाट बघत बसू नये. घर सोडताना मेन स्विच बंद करावा आणि मीटरचा फोटो काढावा.

वाद झालाच तर भाडे थांबवू नये, कारण भाडे थकले की आपली बाजू लंगडी होते. आधी संदेश, मग पोच घेऊन पत्र, मग वकिलाची नोटीस, असा क्रम ठेवावा. विजयनगर येथील जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि पुरासारख्या आपत्तीत सापडलेल्या व्यक्तीही त्या मदतीस पात्र असतात. खटला उभा राहण्याआधी लोकअदालतीत तडजोड करण्याचीही सोय आहे. फार थोड्या भाडेकरूंना हे माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

घर सोडताना

पूर्वसूचना करारात लिहिलेल्या दिवसांनुसार लेखी द्यावी आणि त्यात घर रिकामे करण्याची नेमकी तारीख घालावी. ‘शेवटचे भाडे अनामतीतून वळते करून घ्या’ असे सुचवण्याची सवय अनेकांना आहे. मालक राजी असतील तर तसे लेखी घ्यावे, पण एकतर्फी भाडे बंद करू नये.

सामान हलवण्याच्या आठ दिवस आधी मालकांना घर पाहायला बोलवावे. काय दुरुस्त करून हवे आहे ते तेव्हाच कळले की आपण आपल्या प्लंबरकडून किंवा रंगाऱ्याकडून कमी पैशांत ते करून घेऊ शकतो. शेवटच्या दिवशी कापली जाणारी रक्कम नेहमी जास्त असते. भिंतीतले खिळे काढून भोके पुट्टीने बुजवावीत, ओटा आणि बाथरूम घासून काढावे, टाकी आणि गटाराची जाळी साफ करावी. आपण बसवलेले पंखे किंवा गिझर काढून न्यायचे असतील तर मूळ जोडणी पूर्ववत करावी.

घर रिकामे झाल्यावर पुन्हा तसाच व्हिडिओ काढावा आणि मीटरवरचे आकडे टिपावेत. शेवटचे बिल अजून आलेले नसते, तेव्हा युनिटचा हिशोब करून रक्कम तिथेच द्यावी, म्हणजे बिलाचे निमित्त सांगून अनामत अडकत नाही. मग पहिल्या दिवशीची यादी आणि तो जुना व्हिडिओ समोर ठेवून मालकांबरोबर खोलीखोलीतून फिरावे. अनामत खात्यात जमा झाल्याचा संदेश आल्यावरच चावी द्यावी. मालक ‘दोन दिवसांत पाठवतो’ म्हणाले तर किती रक्कम, कोणत्या तारखेला, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. चाव्या किती आणि केव्हा दिल्या, घराचा ताबा मालकांनी घेतला, आता कुणाचे कुणाकडे येणे नाही, अशा चार ओळींच्या कागदावर दोघांनी सही करावी.

त्यानंतरची कामे किरकोळ वाटतात पण राहून जातात. गॅसची जोडणी नव्या पत्त्यावर नेणे, आधार आणि बँकेतला पत्ता बदलणे, इंटरनेटचे कनेक्शन बंद करून राउटर परत करणे, दूध आणि वर्तमानपत्र थांबवणे, आणि ऑनलाइन खरेदीच्या ॲपमधून जुना पत्ता काढणे. दोन्ही व्हिडिओ, करार, भाड्याच्या नोंदी आणि ताब्याचा कागद निदान तीन वर्षे जपून ठेवावा. नव्या घरी ते कागद वरच्या फडताळात ठेवावेत.